ताई ची म्हणजे काय? उतारवयात पडण्याचा धोका कमी करणारा हा संथ व्यायाम गावात कसा सुरू करता येईल?

जेऊर हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं गाव. या पट्ट्यातल्या अनेक घरांत मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्याकडे गेलेली असतात आणि गावाकडे आई-वडील, आजी-आजोबा राहतात. अशा घरातल्या मुलांना एका फोनची कायम धास्ती असते. आई मोरीत पाय घसरून पडली, बाबा रात्री उंबऱ्याला अडखळले, खुब्याचं हाड मोडलंय, लगेच निघा.

पडणं ही किरकोळ गोष्ट वाटते, पण तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोकांचा पडल्यामुळे मृत्यू होतो. अपघाती दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर याच कारणाचा नंबर लागतो. यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्न असलेल्या देशांत होतात. दवाखान्यात जावं लागेल इतक्या जोरात पडण्याच्या घटना वर्षाला ३ कोटी ७३ लाखांच्या घरात आहेत.

पडण्याचा हा धोका कमी करता येतो का, यावर गेली ३० वर्षं जगभर संशोधन सुरू आहे. त्यात एका व्यायामाचं नाव सतत येतं, ते म्हणजे ताई ची. हा व्यायाम नेमका आहे काय, त्याचा खरंच उपयोग होतो का आणि तो गावात एकत्र येऊन कसा करता येईल, हे समजून घेऊया.

ताई ची म्हणजे नेमकं काय?

मराठीत वाचताना 'ताई ची' म्हणजे ताईची काहीतरी वस्तू असावी असं वाटतं. प्रत्यक्षात हा चिनी शब्द आहे. पूर्ण नाव 'ताइजीछुआन'. 'ताइजी' म्हणजे परम, सर्वोच्च तत्त्व आणि 'छुआन' म्हणजे मूठ किंवा मुष्टियुद्ध. म्हणजे मुळात ही लढण्याची कला आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'ची' म्हणजे शरीरातली ऊर्जा किंवा प्राणशक्ती, असं सोशल मीडियावरच्या अनेक पोस्टमध्ये लिहिलेलं असतं. प्राणशक्तीसाठीचा चिनी शब्द वेगळा आहे. ताई ची या नावातला 'ची' म्हणजे टोक, परमबिंदू. इंग्रजी स्पेलिंगमुळे हे दोन शब्द सारखे वाटू लागले.

आज जगभर लोक ताई ची करतात ते मुख्यतः आरोग्यासाठी. उभं राहून, गुडघे किंचित वाकवून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू न्यायचा. त्याच वेळी हात, कंबर आणि नजर एका लयीत फिरवायची. श्वास सहज सुरू ठेवायचा. एक हालचाल संपते तिथूनच पुढची सुरू होते, मध्ये थांबायचं नसतं. लांबून पाहिलं तर कुणीतरी पाण्यात उभं राहून हळूहळू नाचतंय, असं वाटतं.

हालचालींची नावंही चित्रासारखी आहेत. 'ढगांसारखे हात', 'पांढरा करकोचा पंख पसरतो', 'रानघोड्याची आयाळ दुभागणं', 'चिमणीची शेपटी धरणं', 'कोंबडा एका पायावर उभा'. नाव ऐकलं की हात कसा फिरवायचा हे लक्षात राहतं.

हा व्यायाम आला कुठून?

दंतकथेनुसार वुदांग पर्वतावर राहणाऱ्या चांग सानफेंग नावाच्या साधूने ताई ची शोधली. या कथेला ऐतिहासिक पुरावा मात्र नाही. लिखित परंपरेचा माग काढत गेलं की आपण चीनच्या हनान प्रांतातल्या चेन कुटुंबाच्या गावात पोहोचतो. १७व्या शतकात याच गावातल्या चेन वांगतिंग या लढवय्याने या पद्धतीची घडी बसवली असं मानलं जातं.

बराच काळ ही कला त्या गावापुरती, त्या घराण्यापुरती राहिली. १९व्या शतकात यांग लुचान (१७९९-१८७२) हे बाहेरचे गृहस्थ चेन गावात ती शिकले आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागले. त्यांचे नातू यांग चेंगफू (१८८३-१९३६) यांनी उड्या आणि झटके कमी करून संथ, सलग हालचालींवर भर दिला. आपण आज ज्याला ताई ची म्हणतो, त्याचं रूप बऱ्याच अंशी तिथून आलं. चेन, यांग, वू, वू (हाओ) आणि सुन या आज तिच्या पाच प्रमुख शैली मानल्या जातात.

जुन्या पद्धतीत शंभराच्या आसपास हालचालींची लांबलचक साखळी शिकावी लागे. सामान्य माणसाला एवढा वेळ कुठून मिळणार? म्हणून १९५६मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवर आधारित २४ हालचालींचा छोटा क्रम तयार केला. तो करायला पाच-सहा मिनिटं पुरतात. चीनमधल्या बागांत सकाळी सकाळी शेकडो लोक एका तालात हात फिरवताना दिसतात, त्यामागे या २४ हालचालींचा मोठा वाटा आहे.

डिसेंबर २०२०मध्ये युनेस्कोने ताइजीछुआनचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. भारताचा योग याच यादीत २०१६मध्ये आला होता.

सोलापूर जिल्ह्याचं चीनशी असलेलं नातं तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९१०मध्ये सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता १९४२मध्ये त्यांचं तिथेच निधन झालं. एक सोलापूरकर आरोग्यसेवा घेऊन तिकडे गेला होता. तिकडची आरोग्याची एक सवय इकडे आली, तर त्यात परकं वाटण्यासारखं काही नाही.

माणूस उतारवयात पडतो का?

आपण सरळ उभे राहतो तेव्हा शरीरात तीन यंत्रणा एकाच वेळी काम करत असतात. डोळे आजूबाजूचा अंदाज घेतात. कानाच्या आतल्या भागातला तोल सांभाळणारा अवयव डोकं कुठे झुकलंय ते सांगतो. तळपाय, घोटे आणि गुडघ्यांतले मज्जातंतू जमीन सपाट आहे की उतरती, हे मेंदूला कळवतात. ही सगळी माहिती जुळवून मेंदू पायांच्या स्नायूंना हुकूम देतो.

वय वाढलं की या साखळीतली प्रत्येक कडी थोडी थोडी सैल होते. मोतीबिंदूमुळे दिसणं कमी होतं. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना मंदावते. मांड्यांचे स्नायू बारीक होतात. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी काहींना चक्कर येते. मग अडखळल्यावर स्वतःला सावरायला जो अर्धा सेकंद मिळतो, तो पुरत नाही.

त्यात आपल्या घरांची रचना. ओली मोरी, शेवाळलेला ओटा, उंच उंबरा, अंगणात लांब असलेलं शौचालय, रात्री गेलेली वीज आणि पायात सैल चप्पल.

याहून वाईट गोष्ट म्हणजे भीती. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडू या धास्तीने हिंडणं-फिरणं कमी करतो. हिंडणं कमी झालं की पाय आणखी अशक्त होतात. पाय अशक्त झाले की पडण्याची शक्यता आणखी वाढते. हे चक्र तोडणं हाच खरा उपाय आहे.

ताई ची यात काय करते?

चालताना आपण खरं तर सतत एका पायावर उभे राहत असतो. पण ते इतकं पटकन होतं की लक्षात येत नाही. ताई ची तीच क्रिया अतिशय सावकाश करायला लावते. आधी एका पायावर पूर्ण भार द्यायचा, मग रिकामा झालेला पाय उचलायचा, टाच टेकवायची, तळवा टेकवायचा आणि मगच भार पुढे न्यायचा. प्रत्येक टप्प्यावर तोल सांभाळावा लागतो.

गुडघे किंचित वाकलेले असल्यामुळे मांड्यांना सतत काम मिळतं. कंबर वळते, नजर हाताबरोबर फिरते. त्यामुळे डोकं हलवताना तोल राखण्याचा सराव होतो. क्रम लक्षात ठेवावा लागतो, म्हणून मेंदूही कामाला लागतो. श्रमाच्या मापात ताई ची साधारणपणे सावकाश चालण्याइतकी आहे, म्हणून दम लागत नाही.

वारकऱ्यांची पावली पाहिलेल्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर भार या पायावरून त्या पायावर, एक पाऊल पुढे, एक मागे आणि सगळे एका लयीत. दोन्हींचा हेतू वेगळा, पण भार तोलत पाऊल टाकण्याचं तत्त्व सारखंच. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसांना ताई चीची पहिली पायरी समजावताना हा दाखला उपयोगी पडू शकतो.

संशोधन काय सांगतं?

पडण्याचा धोका: अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचे ६७० लोक होते. ते आधी पडलेले होते किंवा त्यांना हालचालीत अडचण होती. एका गटाने पडणं टाळण्यासाठी बेतलेली ताई ची केली, दुसऱ्याने वेगवेगळे मिश्र व्यायाम आणि तिसऱ्याने शरीर ताणण्याचे हलके व्यायाम केले. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे. शेवटी ताई चीच्या गटात पडण्याचं प्रमाण हलक्या व्यायामाच्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी आणि मिश्र व्यायामाच्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी कमी निघालं.

पार्किन्सन्स: २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९५ रुग्ण होते. ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त सुधारला. ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ते कमी वेळा पडले.

गुडघेदुखी: २०१६मध्ये बोस्टनमधल्या संशोधकांनी गुडघ्यांच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२ आठवड्यांनंतर ताई ची आणि फिजिओथेरपी या दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं होतं. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने गुडघा आणि खुब्याच्या संधिवातासाठी ताई चीची ठाम शिफारस केली आहे.

रक्तदाब: ज्यांचा रक्तदाब वाढण्याच्या उंबरठ्यावर आहे अशा ३४२ जणांवर चीनमध्ये वर्षभर झालेला अभ्यास २०२४मध्ये आला. त्यात ताई ची करणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरला. चालणं, सायकल यांसारखे व्यायाम करणाऱ्यांचा साडेचारच्या आसपास उतरला. फरक आहे, पण फार मोठा नाही.

आता दुसरी बाजू. पडणं टाळण्याच्या व्यायामांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला. त्यानुसार ताई चीमुळे पडण्याचं प्रमाण साधारण १९ टक्क्यांनी कमी होऊ शकतं, मात्र या पुराव्याची खात्री कमी दर्जाची आहे. तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम केले तर ते सुमारे २४ टक्क्यांनी कमी होतं आणि हा पुरावा भक्कम आहे.

म्हणजे ताई ची हा एकमेव मार्ग नाही. तोल आणि पायांची ताकद वाढवणारा कुठलाही व्यायाम नेमाने केला तर फायदा होतो. ताई चीचं वैशिष्ट्य हे की ती गटात करायला आवडते, दमवत नाही आणि साधनांशिवाय होते. त्यामुळे लोक ती सोडून देण्याची शक्यता कमी.

ताई ची काय करू शकत नाही?

ताई चीने कॅन्सर बरा होतो, मधुमेहाच्या गोळ्या बंद होतात, गुडघ्याची झीज भरून येते, असे मेसेज फिरतात. याला आधार नाही. ताई ची औषधांच्या सोबतीने करायची असते, औषधांऐवजी नाही. कोणी शिक्षक गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर तो वर्ग सोडलेला बरा.

शिवाय ती एकटी पुरत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन रखडलं असेल, मोरीत दिवा नसेल, चक्कर आणणारी गोळी सुरू असेल, तर आधी त्यांची व्यवस्था लावायला हवी.

आपल्याकडे योग आहे, मग ताई ची कशाला?

प्रश्न रास्त आहे. योगातही ताडासन, वृक्षासन यांसारखी तोलाची आसनं आहेत. ज्यांना योग जमतो आणि आवडतो, त्यांनी तो सोडण्याचं काहीच कारण नाही.

अडचण येते ती जमिनीवर बसता-उठता न येणाऱ्यांची. गुडघे दुखत असलेल्या ७० वर्षांच्या आजींना सतरंजीवर बसवणं आणि पुन्हा उठवणं हीच कसरत होते. ताई ची पूर्णपणे उभ्याने होते, खुर्चीचा आधार घेता येतो आणि अगदीच जमत नसेल तर खुर्चीत बसूनही काही हालचाली करता येतात. योगात एका स्थितीत थांबण्यावर भर असतो, ताई चीत हलताना तोल राखण्यावर. आणि माणूस पडतो तो बहुतेकदा हलतानाच.

ताई चीच्या मुळाशी ताओ विचारातली यिन-यांगची, म्हणजे परस्परपूरक शक्तींची कल्पना आहे. पण व्यायाम म्हणून ती करताना कुठलीही पूजा, मंत्र किंवा श्रद्धा लागत नाही.

महाराष्ट्रात असं एकत्र येऊन व्यायाम करणं नवं आहे का?

अजिबात नाही. गावोगावच्या तालमी आहेतच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाचा शास्त्रीय अभ्यास मांडला. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने सर्वसामान्यांसाठी मोफत योगवर्गांची परंपरा रुजवली.

सगळ्यात बोलकं उदाहरण हास्यक्लबचं. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हसण्याचा व्यायाम सुरू केला. आज तो अनेक देशांत पोहोचला आहे. त्याला जागा भाड्याने घ्यावी लागली नाही की यंत्रं आणावी लागली नाहीत. रोजची ठरलेली वेळ, ओळखीचे चेहरे आणि 'काल का नाही आलात?' असं विचारणारं कोणीतरी, एवढ्यावर तो टिकला.

ताई चीचा सामूहिक वर्गही याच तीन गोष्टींवर चालतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी हा शेवटचा प्रश्न व्यायामाइतकाच मोलाचा आहे. रोज येणारे आबा दोन दिवस दिसले नाहीत, की कोणीतरी त्यांच्या घरी डोकावतं.

जेऊरसारख्या गावात वर्ग सुरू करायचा तर काय लागेल?

जागा: सपाट, न घसरणारी, सावलीची. शाळेचं मैदान, समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप चालतो. फरशी ओली नको आणि जमिनीवर खडे नकोत.

वेळ: सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यामुळे सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. महिलांना पाणी, स्वयंपाक, धारा यातून सकाळी सवड मिळत नसेल, तर त्यांना विचारूनच वेळ ठरवावी. नाहीतर वर्ग फक्त पुरुषांचा होऊन बसतो.

किती दिवस: ज्या अभ्यासांत फायदा दिसला, तिथे आठवड्यातून दोन-तीन वेळा, तासाभराचा वर्ग आणि किमान १२ ते २४ आठवडे सराव होता. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नये.

साहित्य: प्रत्येक अशक्त व्यक्तीमागे एक भक्कम खुर्ची, प्यायचं पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी. प्लास्टिकची डुगडुगणारी खुर्ची आधाराला नको.

कपडे: सैल आणि घोट्याच्या वर असलेले. साडी नेसून ताई ची करता येते, फक्त निऱ्या पायात येणार नाहीत इतकी वर खोचावी. सैल चपलेऐवजी सपाट तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट घालावेत.

गट: सुरुवातीला १२ ते १५ जण पुरेत. त्याहून जास्त असतील तर शिक्षकाच्या मदतीला एकजण हवा. त्याने मागे उभं राहून कोण डगमगतंय यावर लक्ष ठेवायचं.

आधार: ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट, भजनी मंडळ यांच्यामार्फत लोक लवकर जमतात. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात योगाचे वर्ग होत असतील, तर तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी आणि आशाताईंशी बोलता येईल. वर्ग सुरू करण्याआधी सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायलाही त्यांची मदत होते.

शिक्षक कुठून आणायचा?

खरी अडचण इथे आहे. ताई चीचे वर्ग मुंबई-पुण्यात मिळतात, तालुक्याच्या गावात सहज मिळत नाहीत. काही मार्ग मात्र आहेत.

पहिला, वुशू हा खेळ. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून वुशू आशियाडमध्ये आहे आणि ताइजीछुआन हा त्याचाच एक प्रकार. राज्यात वुशू शिकवणारे प्रशिक्षक आहेत. त्यांच्यातल्या ज्यांना हा प्रकार येतो, त्यांना विचारता येईल. दुसरा, गावातलेच योगशिक्षक किंवा निवृत्त क्रीडाशिक्षक शहरात जाऊन शिकून येऊ शकतात. तिसरा, ऑस्ट्रेलियातले डॉक्टर पॉल लॅम यांनी १९९७मध्ये सुन शैलीवर आधारित, संधिवाताच्या रुग्णांसाठी सोपा क्रम तयार केला. असे छोटे क्रम शिकायला आणि शिकवायला सोपे जातात.

ताई चीच्या शिक्षकाची डॉक्टरांसारखी सरकारी नोंदणी नसते. म्हणून चार प्रश्न विचारावेत. कोणाकडे आणि किती वर्षं शिकलात? ज्येष्ठांना शिकवण्याचा अनुभव आहे का? गुडघेदुखी असलेल्यांसाठी हालचाली कशा बदलता? आणि कोणी वर्गात पडलं तर काय कराल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तर शिक्षकही तयार नाही असं समजावं.

व्हिडिओ पाहून थोडंफार शिकता येतं. पण गुडघा चुकीचा वळतोय हे मोबाइल सांगत नाही. ज्यांचा तोल आधीच बिघडलेला आहे, त्यांनी एकट्याने व्हिडिओ लावून सुरुवात करू नये.

पहिल्या दिवशी काय करायचं?

२४ हालचालींच्या मागे लागायची गरज नाही. सुरुवात भार बदलण्यापासून होते.

खुर्चीच्या पाठीमागे उभं राहावं, दोन्ही हात तिच्यावर टेकवावेत. पाय खांद्याइतके रुंद, गुडघे किंचित सैल. आता सगळा भार हळूहळू उजव्या पायावर न्यायचा, इतका की डावी टाच आपोआप हलकी होईल. तीन श्वास थांबायचं. मग तसंच डावीकडे. हे पाच-सहा वेळा. जमू लागलं की एकच हात खुर्चीवर ठेवायचा, मग फक्त बोटं.

गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि पाय रोवलेला असताना गुडघ्यातून वळायचं नाही. ताई ची करणाऱ्यांचे गुडघे दुखतात ते बहुतेकदा या दोन चुकांमुळे. फार खाली वाकलं म्हणजे जास्त फायदा, असं नसतं.

अलीकडे ऑपरेशन झालेलं असेल, वारंवार चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सराव करताना चक्कर आली, धाप लागली किंवा सांध्यात कळ आली तर लगेच बसावं.

घरच्या माणसाला पडण्याचा धोका आहे का, हे कसं ओळखायचं?

यासाठी एक सोपी चाचणी जगभर वापरली जाते. हात असलेल्या खुर्चीपासून तीन मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, एक खूण करायची. नेहमीची चप्पल किंवा बूट घालून, काठी लागत असेल तर ती घेऊन, खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या वेगाने खुणेपर्यंत चालायचं, वळायचं, परत यायचं आणि बसायचं. मोबाइलवर वेळ लावायची. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजून डॉक्टरांना दाखवावं. चाचणी करताना दुसऱ्या कोणीतरी शेजारून चालणं गरजेचं आहे.

गेल्या वर्षभरात कधी पडलात का, हेही विचारावं. पुष्कळदा ज्येष्ठ मंडळी हे लपवतात. मुलं काळजी करतील, बाहेर जायला मनाई करतील, असं त्यांना वाटतं. म्हणून रागावून नाही, गप्पांच्या ओघात विचारलेलं चांगलं.

कोणी पडलंच आणि उठता येत नसेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर ओढून उभं करू नये. चोळू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्येष्ठांना इतर मदत किंवा माहिती हवी असेल, तर १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

वर्ग सुरू व्हायला वेळ लागेल, शिक्षक मिळायला त्याहून जास्त. पण पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर दोन गोष्टी लगेच करता येतील. आईसोबत ते १२ सेकंद मोजायचे आणि मोरीत एक दिवा व भिंतीला धरायला एक दांडा लावायचा. ताई ची त्यानंतर.